गंज आणि प्रायश्चित्त

येझदी किंवा राजदूतसारखी एखादी मोटारसायकल दहा-पंधरा वर्षं पडवीत उभी राहिली आणि कुणी तरी ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं, की सगळ्यात आधी प्रश्न येतो तो पेट्रोलच्या टाकीचा. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा शोधल्या तर मिळतात. मूळ टाकी मात्र त्या गाडीची एकच असते, आणि म्हैसूरच्या कारखान्यातून येझदी बाहेर पडणं १९९६ सालीच थांबलं. म्हणून लोक ती टाकी घरच्या घरी साफ करायला घेतात. झाकण उघडून आत बॅटरीचा झोत टाकला की दिसतात तांबूस-काळे पापुद्रे, आणि तळाशी वार्निशसारखा चिकट झालेला जुन्या पेट्रोलचा थर. साफ करणाऱ्याची अपेक्षा सरळ असते: हा मळ निघाला की खाली कारखान्यातून आला तसा पत्रा सापडेल. ही अपेक्षा टाकीपुरती नाही. पाप, पश्चात्ताप, चित्तशुद्धी यांविषयी बोलताना आपण हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. आत काही तरी निर्मळ आहे, त्यावर मळ साचला आहे, तो काढला की मूळचं निर्मळ जसंच्या तसं परत मिळेल. माझं म्हणणं असं, की हे चित्र चुकीचं आहे, आणि त्यापायी आपल्याकडे माणसांचं नुकसानही झालं आहे. शुद्धी म्हणजे मूळपदावर परतणं नव्हे. जे उरलं आहे ते पुन्हा कामाला लायक करणं आणि तसं राखत राहणं, एवढीच शुद्धी माणसाच्या हातात असते. ती कमी प्रतीची आहे असं मला अजिबात वाटत नाही.

परतण्याचं हे चित्र आपल्याकडे फार जुनं आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने ज्ञान कसं झाकलं जातं ते सांगताना धुराने झाकलेला अग्नी येतो, तसा मळाने झाकलेला आरसाही येतो. आरशाचा दृष्टान्त इतका पटण्याजोगा आहे की पुढे कीर्तन-प्रवचनांतून तो घराघरांत गेला. पुसला की आरसा पुन्हा आरसा. धूळ बाहेरून आली, बाहेर गेली, काचेचं काही बिघडलं नाही. गंजाचं तसं नसतं. गंज लोखंडावर बसत नाही, लोखंडच गंज होतं. पत्र्यातलं लोह, हवेतला ऑक्सिजन आणि झाकणाच्या फटीतून शिरलेली किंवा थंड रात्री टाकीच्या आत साकळलेली ओल यांच्यातून तो तयार होतो. ॲल्युमिनियमवर धरलेला थर खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रा होऊन सुटतो आणि खालचा पत्रा नव्याने उघडा पाडतो. बौद्ध परंपरेला हे नेमकं दिसलं होतं. धम्मपदाच्या मलवग्गात हाच दृष्टान्त दिला आहे, आणि त्याचा रोख असा की लोखंडातून निपजलेला गंज लोखंडालाच खातो, तशी माणसाची स्वतःची करणी त्याला खाते. एकाच शब्दाने आपण ज्यांना मळ म्हणतो ती आरशावरची धूळ आणि लोखंडाचा गंज या इतक्या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसाच्या हातून घडलेल्या वाईटाला यातली कुठली लागू पडते हे ठरवल्याशिवाय शुद्धीबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. खोटं बोलण्याची सवय, वर्षानुवर्षं जपलेला आकस, मुलांवर हात उगारण्याची सवय या गोष्टी माणसावर बाहेरून येऊन बसलेल्या नसतात. त्या त्याच्याच शक्तीच्या, त्याच्याच वेळेच्या, त्याच्याच बुद्धीच्या झालेल्या असतात.

टाकी साफ होताना काय घडतं ते जवळून पाहावं. आधी सगळं पेट्रोल काढून, कॉक उतरवून टाकी दिवसभर मोकळ्या हवेत सुकवतात, कारण रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एका ठिणगीवर भडका उडतो. मग कॉकचं भोक बंद करून आत मूठभर नट-बोल्ट किंवा जुन्या चेनचा तुकडा टाकायचा, थोडं पाणी ओतायचं आणि टाकी दोन्ही हातांत धरून हलवत राहायचं. जे पाणी बाहेर येतं ते विटकरी रंगाचं, रवाळ असतं. बादलीत थोडं स्थिरावलं की तळाशी गाळ बसतो. आपण म्हणतो घाण निघाली. पण तो गाळ म्हणजे कधी काळचा पत्राच आहे. मुळात जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, त्यातला एक भाग त्या बादलीत गेला आहे आणि तो कुठल्याही उपायाने भिंतीवर परत चढणार नाही. यानंतर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी भरून टाकी ठेवून देतात, आणि इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आम्ल आधी गंज विरघळवतं, पण गंज संपला म्हणून थांबत नाही, चांगल्या लोखंडालाही लागतं. उतावळेपणाने संडास साफ करायचं कडक ॲसिड ओतलं किंवा टाकी दिवसेंदिवस तशीच भरून ठेवली, तर आतून पत्रा चकचकीत होतो आणि शिवणीपाशी सुईच्या टोकाएवढी भोकं पडून गळायला लागतो. पुष्कळदा ती भोकं आधीच पडलेली असतात आणि गंजानेच बुजलेली असतात. गंज काढला तेव्हा ती उघडी पडली. ज्यांना आपल्या दोषांची झाडाझडती घ्यायची आहे त्यांनी हे नीट समजून घ्यावं. स्वतःला शिक्षा करत राहणं म्हणजे शुद्धी नव्हे, आणि माणसाचा एखादा दोष इतकी वर्षं त्याच्या घडणीचा भाग होऊन बसलेला असतो की तो निघाल्यावर तिथे पोकळीच दिसते.

यावर रसायन जाणणारा कुणी म्हणेल, की गंजाचं लोखंड पुन्हा करता येतं. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून, त्यात लोखंडी सळई लोंबकळत ठेवून बॅटरी-चार्जर जोडला तर गंजाचा काही भाग उलट दिशेला जातो हे खरं आहे. पण तो मूळच्या पत्र्याच्या ताकदीने परत बसत नाही. बहुतेक काळ्या भुकटीच्या रूपात सुटून येतो आणि सळईच झिजत जाते. शिवाय या आक्षेपातून एक मोठा प्रश्न उभा राहतो: लोखंडाचं मूळपद म्हणजे नेमकं कोणतं? गोव्याच्या खाणींतून किंवा गडचिरोलीच्या सूरजागडच्या डोंगरातून जे खनिज निघतं ते मुख्यतः हेमटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचं संयुग. रसायनाच्या भाषेत ते गंजाचं भावंडच आहे. त्याची लाल माती हाताला लागते ती गंजासारखीच. झोतभट्टीत कोक आणि चुनखडी घालून, दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता देऊन त्यातला ऑक्सिजन काढून घेतात, तेव्हा कुठे लोखंड हाती येतं, आणि त्यावर आणखी प्रक्रिया झाल्यावर टाकीचा पत्रा. म्हणजे ज्याला आपण मूळचा शुद्ध पत्रा म्हणतो तो खाणीत, उष्णतेत आणि यंत्रावर राबलेल्या माणसांच्या कष्टांतून मिळवलेला आहे. गंजणं हाच त्याचा घरी जाण्याचा रस्ता. शुद्धता ही आरंभी नव्हती, ती कमावलेली होती, आणि राखली गेली तोवर होती. जैन तत्त्वज्ञानात जीव आणि कर्म यांच्या संबंधासाठी खाणीतल्या सोन्याचा दृष्टान्त देतात. सोनं आणि दगड यांची जोड कधी झाली असं विचारता येत नाही, ती अनादी आहे. तरी ती तोडता येते. आधी एक निर्मळ काळ होता, मग पतन झालं, आता परत जायचं, अशी कथा तिथे नाही. लोखंडाच्या बाबतीत जे भूगर्भात आणि भट्टीत दिसतं त्याच्याशी ही मांडणी जुळते, आणि माणसाच्या बाबतीतही मला ती जास्त प्रामाणिक वाटते. तान्ह्या मुलाला आपण निष्पाप म्हणतो ते त्याच्या हातून अजून काही घडलेलं नसतं म्हणून. संयम, दुसऱ्याची कणव, दिलेला शब्द पाळणं हे त्याला पुढे शिकावं लागतं, आणि शिकवणाऱ्यांनाही त्यासाठी झिजावं लागतं.

वेदान्ती इथे थांबवेल. तो म्हणेल, लोखंड जड आहे, आत्मा चेतन आहे. जडाच्या दृष्टान्ताने चेतनाचा निर्णय कसा लावता? आत्मा नित्यशुद्ध आहे, त्याला ना गंज लागतो ना तो झिजतो. दृष्टान्ताची मर्यादा मला मान्य आहे. दृष्टान्त जेवढ्या अंशी सारखा तेवढाच चालतो, हे आपल्या नैयायिकांनी कधीचं सांगून ठेवलं आहे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. आत्मा नित्यशुद्ध असेल तर त्याच्या शुद्धीचा प्रश्नच उरत नाही. नित्यशुद्धाला कोण आणि कशाने शुद्ध करणार? वेदान्तात शुद्धीची साधनं सांगितली आहेत ती चित्तासाठी, अंतःकरणासाठी. निष्काम कर्माने चित्त शुद्ध होतं, मग ज्ञानाची योग्यता येते, असा तिथला क्रम. आणि चित्त हे वेदान्ताच्याच मते प्रकृतीतलं आहे, बदलणारं आहे, संस्कारांनी घडणारं आहे. जिथे खरोखर साधना करायची त्या पातळीवर आरसा कमी पडतो आणि लोखंडच जवळचं ठरतं. आत्म्याबद्दल जे सांगितलं ते चित्ताला लावायचं, आणि मग आपलं चित्त आतून शुद्धच आहे, वरचं तेवढं पुसायचं, असं मानून स्वस्थ बसायचं, ही वेदान्ताची शिकवण नव्हे. तो तिचा सोयीचा वापर आहे.

धर्मशास्त्राने हा प्रश्न किती बारकाईने हाताळला आहे हे पाहिलं की आश्चर्य वाटतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा भाग आहे. तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी, जिथे जे योग्य असेल त्याने करावी असं तिथे सांगितलं आहे. आज टाकी साफ करणारा व्हिनेगर ओततो, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने त्याचं आम्ल मारतो, मग स्वच्छ पाण्याने खळबळतो, तेव्हा तो याच तीन साधनांनी काम करत असतो. माणसाच्या बाबतीत यापुढचा सूक्ष्म विचार प्रायश्चित्ताच्या प्रकरणात सापडतो. प्रायश्चित्ताने पाप पुसलं जातं का? याज्ञवल्क्यस्मृतीचं उत्तर असं, की नकळत घडलेलं पाप प्रायश्चित्ताने जातं. जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत माणूस प्रायश्चित्ताने व्यवहाराला योग्य होतो. बाराव्या शतकाच्या आरंभी चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तीत याचा उलगडा करताना पापाच्या दोन शक्ती वेगळ्या केल्या आहेत: नरकाला नेणारी एक आणि माणसांतल्या व्यवहाराच्या आड येणारी दुसरी. पहिली गेली नाही तरी दुसरी जाऊ शकते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या चर्चेचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. मला विज्ञानेश्वराची ही फोड फार मोलाची वाटते. जाणूनबुजून केलेलं पुसलं जाईल असं खोटं आश्वासन तो देत नाही, आणि त्या माणसाला कायमचा बाहेरही ठेवत नाही. जाडी गेली ती गेली; पण टाकी पुन्हा पेट्रोल धरू शकते, गाडी पुन्हा चालू शकते. व्यवहाराला योग्य होणं म्हणजे हेच.

मात्र ज्या ग्रंथातला द्रव्यशुद्धीचा नियम मी वर सांगितला, तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत जाळला गेला, आणि तो का जाळला गेला याकडे पाठ फिरवून शुद्धीवर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो अस्पृश्य मानलेल्या स्त्रीपुरुषांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून, मंत्र म्हणत पंचगव्य तळ्यात सोडून ते तळं शुद्ध करून घेतलं. टाकीतून निघालेला गंज बादलीत दाखवता येतो, बोटांत चोळता येतो, त्याने कार्बोरेटरचं जेट बुजलं तर ते उघडून पाहता येतं. महाडच्या तळ्यातून त्या दिवशी कोणता मळ निघाला? कोणताच नाही, कारण माणसाने पाणी पिण्याने तिथे मळ झालेलाच नव्हता. जनावरं ज्या तळ्यावर येत तिथे माणसं आली होती. परतण्याची कल्पना किती घातक असू शकते ते इथे कळतं. मूळची शुद्धता म्हणून काही आपल्याकडे जन्माने आहे, आणि मळ नेहमी दुसऱ्याच्या स्पर्शातून येतो, असं एकदा मानलं की आपला दोष शोधण्याची गरजच संपते आणि दुसरा माणूसच मळ ठरतो. त्या दिवशी खरा गंज होता तो घागरी उपसणाऱ्यांच्या मनात, त्यांच्याच मनुष्यपणाला खाऊन झालेला. तो त्यांनी पाहिलाच नाही. तळ्याचा हक्क कोर्टात शाबीत व्हायला पुढे १९३७ साल उजाडावं लागलं. म्हणून शुद्धीचा कुठलाही विचार मी आधी एका कसोटीवर घासून पाहीन: तो मळ स्वतःच्या आत शोधायला लावतो, की दुसऱ्याच्या स्पर्शात? दुसऱ्याच्या स्पर्शात शोधायला लावत असेल तर तो टाकून द्यावा, मग तो कितीही जुन्या पोथीतला असो.

कुणी विचारेल, गंजालाही बाहेरचं पाणी आणि हवा लागतेच ना? मग दोष बाहेरूनही आला, असं का म्हणू नये? म्हणावं. लोखंड एकटं गंजत नाही. दारिद्र्य, लहानपणीची मारहाण, वाईट संगत यांचा माणसाच्या घडणीत वाटा असतो आणि न्याय करताना तो धरलाच पाहिजे. पण ओल लागली हे कारण झालं. गंजलेला भाग तरीही लोखंडाचाच आहे आणि तो काढताना झीज लोखंडाचीच होते. शिवाय बाहेरची ओल खरी असते म्हणूनच शुद्धीचा दुसरा आणि जास्त दुर्लक्षित भाग महत्त्वाचा ठरतो. आम्ल काढून टाकी धुतली की आतला पत्रा राखाडी, स्वच्छ, जवळजवळ नवा दिसतो. तो तसाच ओला राहू दिला तर काही मिनिटांत त्यावर फिकट नारिंगी झाक चढायला लागते, जिथे पाण्याचा थेंब अडकला तिथे आधी. नुकताच साफ झालेला पत्रा सगळ्यात लवकर गंजतो, कारण तो सगळ्यात उघडा असतो. जैनांच्या सात तत्त्वांत साचलेलं कर्म झाडून टाकणारी निर्जरा आहे, पण तिच्या आधी संवराचं स्थान आहे, म्हणजे नवं कर्म आत येणं रोखण्याचं. जाणता मेकॅनिकही आधी झाकणाचं रबर बदलतो, आणि धुतलेली टाकी गरम हवेने कोरडी ठणठणीत केल्यावर लगेच तेलाचा हात फिरवतो किंवा इपॉक्सीचं अस्तर देतो. काही जण फॉस्फरिक आम्ल वापरतात. त्याने उरलासुरला गंज लोहाच्या फॉस्फेटचा काळसर थर होऊन पत्र्याला धरून बसतो आणि काही काळ पुढच्या गंजाला अडवतो. दोष निघून न जाता रूप बदलून रक्षणाला उभा राहतो, याची खूण मला यात दिसते. दारूतून बाहेर पडलेला माणूस नव्याने सोडू पाहणाऱ्याशेजारी येऊन बसतो तेव्हा त्याचा भूतकाळ पुसलेला नसतो, तोच कामाला आलेला असतो. उपवास, तीर्थयात्रा, मौन करून परतलेली माणसं आठवडाभरात पूर्वीसारखी चिडायला लागतात याचं आपल्याला नवल वाटतं. झाडण्याचं काम झालं होतं, अस्तराचं राहिलं होतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो. वारकरी म्हणेल, एवढा हिशेब कशाला? नामाने डोंगराएवढी पापं जळतात अशी संतांची ग्वाही आहे; जे गेलं ते परत येत नाही असं म्हणून तुम्ही कृपेला मर्यादा घालता. हा आक्षेप मी आदराने घेतो. पण संतांच्या वाणीत लोखंड जिथे येतं तिथे बहुधा परिसाशेजारी येतं, आणि परीस लोखंडाला स्वच्छ लोखंड करत नाही, सोनं करतो. म्हणजे कृपेचं त्यांचं चित्रही परतण्याचं नाही. माणूस होता तसा होत नाही, जो कधी नव्हता तसा होतो. माझ्या म्हणण्याला हे विरोधी नसून त्याच्याही पुढे जाणारं आहे. मी माणसाच्या हातात काय आहे तेवढंच बोलतो आहे, कृपेच्या हातात काय आहे ते नाही. आणि माणसाच्या हातातलं नाम पाहिलं, तर ते झाडण्यापेक्षा भरण्याचं साधन आहे असं मला दिसतं. रोज पहाटे उठून तोच अभंग, वर्षाला तीच वारी, हे काही एकदाच घासून मोकळं व्हायचं काम नव्हे. टाकी सर्वांत जास्त गंजते ती अर्धवट भरलेली असताना, कारण वरच्या रिकाम्या भागात दमट हवा राहते आणि रात्रीच्या गारव्यात तिचं पाणी पत्र्यावर साकळतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल ओल ओढून घेतं, त्यामुळे ही काळजी पूर्वीपेक्षा वाढली आहे. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर अनुभवी माणसं टाकी एक तर पूर्ण रिकामी, कोरडी करून आतून तेल लावून ठेवतात, नाही तर झाकणापर्यंत भरून ठेवतात. आणि पाऊस उघडला की कॉक खोलून वाटीभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तळाशी पाणी किंवा तांबूस कण दिसतात का ते उजेडात धरून पाहतात.